मोजून ३२ अक्षरे

वाक्य लांबले की ते कापावे, एवढे आधी मान्य करा. मोबाईलचा पडदा वीतभर, आणि आपल्याकडची सूचना सुरू होणार ती "सर्व महाजन, भाविक व नाट्यरसिकांस कळविण्यात येते की" इथून. तेव्हा पीएचपीत, म्हणजे संकेतस्थळे लिहायच्या भाषेत, 'सबस्ट्र' ही कापायची आज्ञा लिहा, शून्यापासून ३२ घे म्हणून सांगा आणि चहाला जा. ३२ च का, असे कोणी विचारणार नाही. संगणकवाल्याच्या तोंडी ३२ शोभतो. ३१ म्हणालात तर मात्र कारण द्यावे लागेल.

सबस्ट्र अक्षरे मोजत नाही, बाइट (संगणकाच्या साठवणीचे माप) मोजते, हे मनाला लावून घेऊ नका. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. चिन्ह म्हणजे नुसता 'प' नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाचे वेगळे ३. 'पणजी'चे झाले १२. पाचव्यावर सुरी चालवलीत तर 'प' अखंड मिळेल आणि 'ण'चे तिनातले दोन तुकडे. ब्राउझर तिथे एक काळी शंकरपाळी काढतो, पोटात पांढरे प्रश्नचिन्ह. फॉन्टचा दोष आहे म्हणून सांगून टाका. तोच फुटका तुकडा, सगळी यादी बांधून पानाकडे पाठवणाऱ्या जेसन-एन्कोडला दिलात तर ते एका अक्षरापायी अख्खी यादी नाकारून 'फॉल्स' परत करते. पान कोरे, म्हणजे शंकरपाळी दिसायचीही भानगड नाही.

मजकुराचे सारखे तुकडे पाडणारे स्ट्र-स्प्लिट वापरणार असाल तर तुकडा ३ चा ठेवा. माझा हा सगळ्यात आवडता सल्ला. 'फोंडा' घालून पाहा: पाच तुकडे, एकही फुटका नाही. पेडणे, सांखळी, म्हापसा, सगळी गावे पास. याच क्षणी काम झाल्याचे कळवून बिल पाठवा. कारण 'जुने गोवे' घातलेत की मधली मोकळी जागा एकाच बाइटची निघते, आणि तिच्यापासून पुढे एकही अक्षर शाबूत राहत नाही. चाचणीला एकशब्दी गावेच घ्यावीत.

कोणी शहाणा सांगेल, एमबी-सबस्ट्र घ्या, पीएचपी ७.४ पासून, म्हणजे २०१९ पासून, एमबी-स्ट्र-स्प्लिटही आहे. त्याचे खरे आहे. फक्त ते बाइटऐवजी चिन्हे मोजते, डोळ्यांना दिसणारी अख्खी अक्षरे नव्हेत. 'सांखळी' दोनावर कापा: अलीकडे 'सा' राहतो आणि अनुस्वार पलीकडे जाऊन टिंबांच्या वर्तुळावर एकटा बसतो, शेवटची कदंबा बस चुकल्यासारखा. त्यावर अख्खी अक्षरे मोजणारे ग्राफीम-सबस्ट्र हे औषध आहे, पण ते 'इंटल' नावाच्या एक्स्टेन्शनबरोबर येते. ते बसवून द्या म्हटले की होस्टिंगवाला म्हणतो, "बघतो." गोव्यात राहणाऱ्याला या 'बघतो'चा अर्थ सांगायला नको.

आता स्वतःचे सांगतो, म्हणजे माझा अधिकार कळेल. आमच्या गावच्या देवस्थानचे संकेतस्थळ मीच केले. जत्रेच्या दिवशी अवकाळी पावसाची सर येऊन गेली, म्हणून समितीने सूचना पाठवली: "जत्रेचे नाटक पावसामुळे रद्द झाले नाही." पहिल्या पानावरच्या पट्टीत जागा ३२ ची. सबस्ट्रने त्यातले "जत्रेचे नाट" ठेवले, पुढे शंकरपाळी. पाच मिनिटांत एका वयस्कर महाजनांचा फोन: "जत्रेला नाट लावतोस काय रे?"

"नाही काका, आत्ता नीट करतो," म्हणालो आणि एमबी-सबस्ट्र बसवले. आकडा तोच. आता पट्टीवर स्वच्छ, ठसठशीत, कुठेही न फुटलेले वाक्य आले: "जत्रेचे नाटक पावसामुळे रद्द झाले". चिन्हे मोजून पाहा, बरोबर ३२ भरतात. पुढे तीन टिंबे टाकायची माझी पद्धत होती, पण इतके नेटके वाक्य टिंबांनी कशाला विटाळा? तुम्हीही टाकू नका. इंग्रजीत नकार आधीच येऊन जातो, शेपूट तुटले तरी जीव वाचतो. आपला नकार शेपटीत, आणि आपण कापतो तेही शेपटीकडूनच.

रात्री पालखी झाली, पडदा वर गेला. मंडपात दोनशे खुर्च्या, माणसे अकरा. त्यात मी, आणि दोघे लाईटवाले. महाजनकाका पहिल्या रांगेत. मध्यंतरात त्यांनी मला काही विचारले नाही. दुसऱ्या रात्रीच्या नाटकाची सूचना त्यांनी देवळाच्या दारातल्या फळ्यावर खडूने लिहवून घेतली, पुजाऱ्याच्या धाकट्या मुलाकडून. 'रद्द झाले'पर्यंत येता येता फळ्याची कड आली. पोराने खडू तिरका धरला आणि 'नाही' खालच्या ओळीत, अक्षर बारीक करून लिहिले.