चालणं चांगलंच, पण बैठकांनी काय घोडं मारलंय?

नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीनदा येऊन गेला: ‘बीपीवाल्यांनी फक्त चालावे, रोज दहा हजार पावले. जोर, बैठका, वजने यांना हात लावू नये, बीपी भडकते. तीन महिन्यांत गोळी सुटेल.’ काकांनी खाली हात जोडल्याची दोन चित्रं टाकली. काका, राग मानू नका, पण प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या बडोद्यात राहून बैठकांना घाबरायचं?

‘फक्त चालावे.’ चालण्याने बीपी उतरतं, वादच नाही. पण ‘फक्त’ कुठून आलं? २०२३ साली क्रीडावैद्यकाच्या एका ब्रिटिश नियतकालिकात २७० चाचण्यांचा, जवळपास १६ हजार माणसांचा एकत्र हिशेब छापून आला. चालणं-धावणं-सायकल या जातीच्या व्यायामांनी वरचा आकडा सरासरी साडेचारने उतरला. वजनांच्या व्यायामांनीही साडेचारनेच. दोन्ही करणाऱ्यांचा सहाने. आणि सगळ्यात जास्त, आठाच्या थोडा वर, उतरला तो जागच्या जागी ताण धरून ठेवण्याच्या व्यायामांनी. म्हणजे भिंतीला पाठ लावायची, गुडघे वाकवायचे आणि खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं.

‘बीपी भडकते.’ खरा घोळ इथे आहे. श्वास कोंडून पायांनी जड वजन ढकलणाऱ्या पट्टीच्या गड्यांचं बीपी त्या क्षणी ३०० च्या वर मोजलं गेलंय, त्यामुळे ही भीती अगदीच पोकळ नाही. पण वजन खाली ठेवलं की ते उतरतं. दवाखान्यात मोजतात ते बसल्या जागचं बीपी, आणि ते महिन्याभराच्या नेमाने हळूहळू खाली येतं. आवळलेला स्नायू सोडला की दबलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त जोरात धावतं, त्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि त्या सैलावतात. सांभाळायचं ते श्वासाचं. त्यावर माझा उपाय म्हणजे मोठ्याने अंक मोजणं. बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही.

डॉक्टरांना विचारून काकांना मी कालनिर्णयाखालच्या भिंतीला बसवलं. तिसाला मांड्या थरथरल्या, चाळिसाला ‘अगं, पुरे!’ चाचण्यांतला नेहमीचा नेम दोन-दोन मिनिटांच्या चार खेपा, मध्ये विसावा, आठवड्यातून तीनदा. वर्षानुवर्षं दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसाने चाळीस सेकंदच धरावे, गुडघे कमी वाकवून. वरचा आकडा १८० च्या घरात असेल तर आधी दवाखाना, भिंत नंतर.

‘दहा हजार पावले.’ हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या, पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातला. कमाटीबागेत अर्धा तास फिरणाऱ्याने त्यापायी हिरमुसू नये.

‘गोळी सुटेल.’ परस्पर तर मुळीच नाही. चाचण्यांतले ते आकडे सरासरीचे आहेत. कुणाचं जास्त उतरतं, कुणाचं नावालाही नाही, आणि व्यायाम थांबला की काही आठवड्यांत मूळपदावर. गोळी कमी करायची तर ती डॉक्टरांनी. आणि मेसेजात मिठाबद्दल अवाक्षर नाही! पापड, लोणचं, वर लीलो चिवडा; काका, हेही तुम्हालाच.

सध्या काका पन्नासपर्यंत मोजतात. कालनिर्णयाखाली पाठीचा तेलकट डाग उमटलाय, आणि रंगाचे पैसे कोण देणार यावरून काकूंचं बीपी चढलंय.