"माशाला कसली आलीये इम्युनिटी?" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, कमेंट वाचली. राग नाही आला, उलट 'व्हाइट स्पॉट (माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवीचा आजार) होऊन वाचलेल्या माशाला इम्युनिटी येते, तो आयुष्यभर सेफ' ही माझी पोस्ट कोणीतरी शेवटपर्यंत वाचली याचंच बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की माशाला ना बोन मॅरो (हाडातला मगज, जिथे रक्तातल्या लढाऊ पेशी बनतात) ना लिम्फ नोड (त्या पेशींच्या गाठी), मग व्हाइट स्पॉटची इम्युनिटी येणार कुठून, मीठ टाका, हीटर वाढवा, विषय संपवा.

बोन मॅरो नाही हे अगदी बरोबर. पण ते काम माशात किडनीचा डोक्याकडचा भाग करतो, शिवाय थायमस आणि प्लीहा हे लढाऊ पेशींचे अवयव आहेतच, म्हणजे कारखाना आहे, फक्त पत्ता वेगळा.

आता ठिपका. तो पू नाही हो, तो परजीवी स्वतःच असतो, कातडीच्या वरच्या थराखाली बसून गोल गोल फिरत पेशी खातो आणि वाढत वाढत जवळजवळ 1 मिमीचा होतो. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याच्यापुढे शंभरपट लहान, गर्दी करतात तिथे, पण एवढं धूड गिळणार कसं? म्हणून खरी मजा अँटीबॉडीत (शत्रूला ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनांत) आहे. एकदा वाचलेल्या माशाच्या कातडीत त्या तयार असतात, परजीवीच्या अंगावरच्या केसांसारख्या तंतूंना चिकटतात आणि मग तो मरत नाही, चक्क मासा सोडून निघून जातो! भाडेकरूला हात न लावता घर खाली करून घेतल्यासारखं. हे अमेरिकेत कॅटफिशवर प्रयोग करून दाखवलंय. ट्राउटमध्ये तर कातडीच्या चिकट थरासाठी आयजीटी नावाची वेगळी अँटीबॉडीच आहे, 2013 साली याच परजीवीवर तिचं काम दिसलं. (गंमत म्हणजे त्या कॅटफिशकडे आयजीटी नाहीच, तरी त्याचं अडत नाही.)

माझी चूक एकच, "आयुष्यभर सेफ" लिहायला नको होतं, ते काढलंय.

मीठ-हीटरला माझा विरोध नाही, पण कातडीत बसलेल्या परजीवीवर औषध चालत नाही, पाण्यात सुटलेल्या पिल्लांवरच चालतं आणि गळून पडलेला एकेक ठिपका तळाशी फुटून शेकडो पिल्लं सोडतो, त्यामुळे ठिपके गेले की लगेच औषध बंद हा तुमचा सल्ला कृपया कोणाला देऊ नका.

आणि तुम्हीच लिहिलंय की नवीन मोली ठिपक्यांनी भरल्या आणि त्याच टँकमधले एंजल, ज्यांना मागच्या पावसाळ्यात होऊन गेला होता, ते मजेत होते. मग ते कशामुळे दादा?