पाण्याला अगदी लागून

तलावापासून शंभर पावलं मागे मुक्काम करणारी माणसं वेगळी. त्यांना फोटोतलं काही कळत नाही. तुम्ही बुकिंगच्या वेळी एकच विचारा, ‘लेक-टच आहे ना?’ उत्तर ‘हो’च येईल. ऑक्टोबरात बामणोली-तापोळ्याला ते खरंही असतं. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय काठोकाठ, तंबूतून पाय सोडले की पाण्यात.

एप्रिलच्या सुट्टीचं बुकिंगही त्याच फोटोवर करा. तेव्हा तंबू तिथेच असेल, तलाव मात्र उतारावरून खाली निघून गेलेला असेल आणि मध्ये भेगाळलेला गाळ पसरलेला असेल. कोयनेचं पाणी तुमच्या डेकसाठी अडवलेलं नाही. वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वीज करायला जातं, वर पूर्वेकडच्या सिंचनाचा वाटा वेगळा. हा हिशेब 1 जूनला सुरू होऊन 31 मेला संपतो, म्हणजे तुमची उन्हाळी सुट्टी नेमकी वर्षअखेरीला येते. ‘सध्या पाणी कुठवर आहे, आजचा फोटो पाठवा’ असं फोनवर विचारलं तर सगळं कळेल. विचारू नका, मालकाला वाईट वाटतं.

जाहिरातीत ‘डेल्टा’ असेल तर दोन हजार जास्त द्या. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरात आणि तिचा त्रिभुज प्रदेश आहे विजयवाड्याच्या खाली, आंध्रात. डेल्टात नदी फुटते, आपल्याकडे मात्र नद्या येऊन मिळतात, कराडला कोयना, हरिपूरला वारणा. त्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या संगम म्हणतो, पण संगमावर माणसं दशक्रियेला जातात. तिथे ‘किंग साइज बेड’ कसा शोभेल?

आता गाडी. कॅराव्हॅन, म्हणजे आतच झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेताना तिची उंची विचारायची नसते. यवतेश्वरच्या घाटात झाडाच्या फांद्या ती फुकट मोजून देतात. सांगलीच्या बाजूला निघाला असाल तर हंगामात रात्रीचा प्रवास करा. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, आणि तुमच्या मागच्या कपाटातली काचेची भांडी सुटी.

काठावर पोचलात की गाडी थेट खाली घ्या. धरणाच्या गाळाची वरची पापडी उन्हाने कडक होते आणि चालताना पायाला जमीन घट्ट लागते. खाली लोणी असतं. गावातला माणूस पहार रोवून बघतो. नुसत्या हाताच्या जोराने वीतभर आत गेली, तर तो बैलगाडीसुद्धा घालत नाही. तुमची गाडी साडेतीन टनांची, पाण्याची टाकी भरलेली, वजन मागच्या चाकांवर. ती पापडी फोडून बसली की एक्सिलेटर दाबा. चाक जागेवर फिरलं की प्रत्येक फेऱ्याला खड्डा खोल होतो. ॲक्सल जमिनीला टेकेपर्यंत थांबू नका. टायरची हवा निम्मी करून, चाकापुढचा गाळ उकरून, खाली पोतं किंवा फळी घालून गाडी अलगद निघते खरी, पण ते पहिल्या मिनिटाला करायचं काम आहे. तुम्हाला अजून दोन रात्री राहायचंय. निघताना बघू.

तंबूच्या खुंट्या सरळ, उभ्या ठोका. डोकं तंबूपासून बाहेर कलतं ठेवून तिरपी ठोकली तर ती वाऱ्यात टिकते, आणि मग वळवाची मजा जाते. कासच्या बाजूला जांभ्यावर खुंटी शिरतच नाही, तिथे ताणाला दगड बांधतात. गाळात ती अंगठ्याने बसते आणि वाऱ्याने उठते. मे महिन्यात संध्याकाळी पश्चिमेला काळं दिसलं, वारा पडला, झाडाचं पान हलेना, की समजा निवांत आहे. अर्ध्या तासाने तुमचा पारदर्शक डोम छत्रीसारखा उलटा होऊन शेजारच्या डोमला भेटायला जाईल.

विजेचं गणित अजिबात करू नका. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे 1800 वॉट-तास. साधी लेड-ॲसिड असेल तर निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हाती 900. त्यातले काही इन्व्हर्टरच खातो. एक टनाचा एसी हजार-बाराशे वॉट ओढतो. पाऊण तास गारवा, मग काळोख. फ्रिज त्याच बॅटरीवर असतो, त्यामुळे त्यातलं मॅरिनेट केलेलं चिकन सकाळी आपोआप जास्त मुरलेलं मिळतं.

छतावर 300 वॉटचं सोलर पॅनेल आहेच. स्वच्छ उन्हात ते दिवसाला हजार-बाराशे वॉट-तास देतं. मात्र गाडी वडाखाली लावा, सावलीला. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी त्याचा दम जातो. मग जनरेटर. तो खिडकीखाली ठेवून, खिडकी थोडी उघडी ठेवून झोपावं, म्हणजे आवाज कानाशी आणि धूर उशाशी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे तक्रारीलाही जागा राहत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून फरशीलगतची जाळी चपलांच्या ढिगाने बंद करायची असते.

संडासाचा विषय कुणी काढत नाही, तेव्हा जरा बसून बोलू. बऱ्याच गाड्यांत खाली वीसेक लिटरची सरकती पेटी असते. चार माणसांत ती दीड-दोन दिवसांत भरते आणि तिचा लाल दिवा लागतो. लाल दिवा शोभेचा समजा. पेटी रिकामी करायची ती मैल्याच्या टाकीत, आणि अशी सोय असलेली जागा तुमच्या रस्त्यावर कुठे आहे हे निघण्याआधी विचारणं कमीपणाचं. आत घालायचं निळं रसायन दुप्पट ओता. त्यात फॉर्मल्डिहाइड असेल तर ते शेतघराच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं, टाकी तुंबते आणि मालक तुमची आठवण वर्षभर काढतो. भांड्यांचं साबणपाणी सरळ उतारावर सोडा. खाली कराड, खाली सांगली. तिथली माणसं त्याच नदीच्या पाण्याचा चहा पितात, फेसाची त्यांना सवय असेल.

सांगलीकडे आलात तर मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, उतरा, अगदी कृष्णेच्या ओठावर. भिलवडी, औदुंबर या पट्ट्यात सोबतीला मगरी आहेत. हिवाळ्यात त्या ऊन खायला काठावर येतात, पुढे तिथलीच माती उकरून अंडी घालतात आणि मादी त्या जागेपासून फार लांब जात नाही. तुम्ही दिवेलागणीला, रोज त्याच ठिकाणी, उकिडवं बसून रस्सा लागलेली भांडी विसळा. हाडकं पाण्यात टाका. मगर वेळेची पक्की असते. दोन दिवसांत तिला तुमचं वेळापत्रक कळतं.

पावसाळ्यात सांगलीचं आभाळ बघून निर्धास्त व्हा. इथे ऊन पडलेलं असतं आणि तिकडे कोयनेचे सहा वक्र दरवाजे उचललेले असतात. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 40 फुटांवर इशारा, 45 फुटांवर धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर होतं. संध्याकाळी काठावर एक काठी रोवून रात्री दोनदा बॅटरी मारून बघितलं तर पाणी किती चढलं ते कळतं. पण गादी फार छान असते, उठवत नाही.

राहता राहिलं निघणं. चाकं गाळात, ॲक्सल टेकलेला, आणि वरून वळीव पडून गेलेला. वस्तीवरून ट्रॅक्टर येईल. गाडीच्या पुढे ओढायची कडी लावण्याची जागा असते, बंपरवरच्या छोट्या झाकणामागे. कडी टूलकिटमध्ये असते आणि टूलकिट कुठे असतं हे गाडी ताब्यात घेताना तुम्ही विचारलेलं नसतं, कारण तेव्हा सेल्फी चालू होता. ट्रॅक्टरवाला उतरेल, दोनदा वाकून बघेल.

“दादा, दोर कशाला बांधू?”

बंपर दाखवा. तो “बघा बरं का” म्हणेल, मान हलवेल, चढून बसेल आणि क्लच सोडेल. बंपर वर रस्त्यावर पोचेल. गाडी पाण्याला अगदी लागूनच राहील.