पावसाळी घाट, ऑल व्हील ड्राइव्ह आणि एक फिरता मेसेज

मे अर्धा सरला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात: आंब्याच्या पेटीचे भाव आणि गाडी कुठली घ्यावी याचे सल्ले. यंदा मेहुण्याने जो मेसेज टाकला, तो तुमच्यापैकी अनेकांकडे एव्हाना येऊन गेला असेल. मजकूर साधारण असा: सह्याद्रीतल्या पावसात टू व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद दोनच चाकांना देणारी गाडी) म्हणजे जिवाशी खेळ. ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना देणारी) ओल्या रस्त्यावर घसरत नाही, घाट सहज चढते, साचलेल्या पाण्यातून निघते. फोर बाय फोर काय आणि ऑल व्हील काय, एकच. परवडेल ती छोटी एसयूव्ही घ्या. चार पैसे जास्त जातील, पण घरच्यांच्या जिवापुढे पैसा काय! आणि खाली मेहुण्याचा प्रश्न, "भावोजी, काय करू?"

घरच्यांचा जीव मध्ये आणला की माणूस हिशेब करायचं सोडून देतो, म्हणून ग्रुपवर दोन ओळींत उत्तर न देता इथे सविस्तर लिहितोय. मी स्वतः सहा वर्षं ऑल व्हील ड्राइव्ह गाडी चालवली आहे. पुण्यात रोजचं ऑफिस आणि वर्षातून पाच-सहा वेळा कराड, मलकापूर, आंबा घाट करत देवरूखजवळची सासुरवाडी. गाडी मला मनापासून आवडायची. तेव्हा कोल्ह्याला द्राक्षं आंबट असा प्रकार नाही.

पहिलं विधान: ओल्या रस्त्यावर घसरत नाही.

सगळ्यात धोक्याचं हेच. रस्त्यावर गाडी घसरते ती बहुतेक वेळा ब्रेक मारताना किंवा वळताना. ऑल व्हील ड्राइव्हचं काम इंजिनाची ताकद दोनऐवजी चार चाकांना पोचवण्याचं. ब्रेक मारताना ती ताकद कुणाला हवी असते? आणि ब्रेक तर अल्टोलाही चारही चाकांना असतात.

शाळेतलं गणित काढून बघू. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. कोरड्या, चांगल्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे पकडीचा आकडा, ०.७ धरला तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायला २० मीटर लागतात. ओल्या, गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर तोच ०.४ धरा, अंतर ३५ मीटरवर जातं. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्याचे १७ मीटर वरचे. या सूत्रात वेग आहे, घर्षण आहे, गुरुत्वाकर्षण आहे. इंजिन किती चाकांना जोडलंय, याला त्यात जागाच नाही.

आता घर्षण येतं कुठून? चार टायरचे तळहाताएवढे चार तुकडे रस्त्याला टेकलेले असतात, तेवढंच. नव्या टायरच्या खाचा सात-आठ मिलिमीटर खोल असतात. चाकाखालचं पाणी बाहेर फेकायचं काम त्यांचं. खाचेच्या तळाशी एक छोटा उंचवटा असतो, १.६ मिलिमीटरचा. टायर झिजून त्याच्या पातळीला आला की संपला. आपल्याकडे मात्र टायर पार गोटा होईपर्यंत "अजून एक सीझन जाईल" चालू असतं. झीज नसली तरी रबर वयानुसार कडक होतं. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे कोरलेले असतात: २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटलेला टायर दिसायला कितीही टवटवीत असो, पहिल्या पावसात मला तो गाडीखाली नको. पहिल्या पावसात म्हणतो, कारण उन्हाळाभर रस्त्यावर साठलेलं ऑइल आणि धूळ तेव्हा वर तरंगते. नंतरच्या मुसळधारेत ते निदान धुऊन तरी जातं.

माझा किस्सा सांगतो. पाचव्या पावसाळ्यात आंबा घाट उतरत होतो. एका वळणावर वरून लाल मातीचं पाणी रस्त्यावर आलेलं. वेग काही फार नव्हता. स्टिअरिंग वळवलं, गाडी मात्र सरळच निघाली. पायाखाली एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) कडकड थरथरलं आणि कठड्याच्या हातभर अलीकडे आम्ही थांबलो. मागे बायको आणि मुलगी गप्प. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह होती. टायर ५५ हजार किलोमीटर चाललेले होते. चूक गाडीची नव्हती, टायरवाल्याचीही नव्हती. दोनदा त्यानेच सांगितलं होतं.

आणि इथेच या तंत्राची एक फसवी बाजू आहे. पुढची चाकं ओढणारी साधी गाडी निसरड्या जागी निघताना चाक फिरवते, कुरकुरते. रस्ता वाईट आहे, एवढं तरी सांगते. ऑल व्हील ड्राइव्ह काही न सांगता मुकाट वेग पकडते. रस्ता किती निसरडा आहे ते मग ब्रेक मारल्यावरच कळतं. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला तर तिची पकड बरी असते, हे खरं. पण कुटुंबाला घेऊन चाललेला माणूस घाटातल्या वळणातून बाहेर पडताना किती जोर लावतो?

मेसेजवाल्याला जे हवंय, म्हणजे गाडी वळणावर भरकटू नये, ते काम ईएसपीचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी प्रोग्रॅमचं. गाडी तिरकी व्हायला लागली की ती यंत्रणा नेमक्या एका चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करते, आणि टू व्हील ड्राइव्ह गाडीतही मिळते. एबीएस तर एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला सक्तीचंच आहे. शोरूममध्ये सनरूफबद्दल दहा प्रश्न विचारणारे आपण, ईएसपी कुठल्या व्हेरिएंटपासून आहे हे विचारत नाही.

दुसरं: घाट चढायला ऑल व्हील लागतेच.

१ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून लाल परी आंबेनळी, कुंभार्ली, आंबा असे सगळे घाट भर पावसात चढत-उतरत आली आहे, आणि ती चालते फक्त मागच्या चाकांवर. मागच्या जोडचाकांवर तिचं भरपूर वजन असतं हे मान्य. पण मुद्दा असा की बांधलेला घाटरस्ता चढायला दोन चाकं पुरतात. घाटात गाड्या अडकतात त्या दरड कोसळल्यावर किंवा पुढे ट्रक बंद पडल्यावर, आणि तिथे आठ चाकांना ताकद असली तरी उपयोग नाही.

खरी परीक्षा घाट संपल्यावर असते. मुख्य रस्ता सोडून वाडीकडे वळलं की शेवटचे दोनशे मीटर. जांभ्याची लाल माती, वर शेवाळ, मध्ये पावसाने पाडलेला चर, आणि छातीवर येणारा चढ. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरायला लागतात. म्हणूनच गावाकडची जाणती माणसं अशा चढावर छोटी गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढवतात, ओढणारी चाकं उताराकडे येतात आणि वजन त्यांच्यावर पडतं. या जागी ऑल व्हील ड्राइव्ह चोख काम करते. इथे मी मेसेजवाल्याशी शंभर टक्के सहमत आहे. मी ती गाडी घेतली होती तीच अशा एका चढासाठी, सासऱ्यांच्या घराच्या. रोज गाडी वाडीवर न्यायची असेल, कलमांच्या बागेत जायचं असेल, तर बिनधास्त घ्या. हिमाचलात बर्फ पडल्यावर पोलीस मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात, तेही उगाच नाही.

सासऱ्यांच्या चढावर तीन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीने काँक्रीट टाकलं. आता तिथे मेहुण्याची स्कूटरही चढते.

तिसरं: साचलेल्या पाण्यातून निघते.

हे वाचून माझा आवाज चढला, म्हणून थोडक्यात. पाण्यात इंजिन बंद पडतं ते हवा ओढायच्या तोंडातून पाणी आत गेल्यामुळे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि बिल लाखाच्या घरात जातं. ते तोंड किती उंचावर आहे एवढंच महत्त्वाचं.

वाहतं पाणी तर आणखी वाईट. सव्वाचार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद गाडीचा तळ एकदा पाण्याला लागला, की पुढच्या प्रत्येक दहा सेंटिमीटरमागे पाणी तिला सहाशे-सातशे किलोंच्या जोराने वर उचलतं. गाडीचं वजन बाराशे-तेराशे किलो. म्हणजे गुडघ्याच्या जरा खाली पाणी असतानाच ती जमीन सोडायच्या बेतात येते. चारही चाकं हवेत गेल्यावर चारही चाकांना ताकद देऊन काय करणार? मोरीवरून पाणी वाहत असेल तर गाडी वळवा, चहा प्या.

चौथं: फोर बाय फोर आणि ऑल व्हील एकच.

नाही, आणि रोजच्या वापराला हा फरक फार मोठा आहे. महिंद्राची फोर बाय फोर थार आणि मारुतीची पाच दारांची जिम्नी यांचं उदाहरण घ्या. या दोघींची यंत्रणा पार्ट-टाइम: एरवी मागची चाकं ढकलतात, फोर-हायला, म्हणजे चारही चाकांच्या गिअरला, टाकलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मागच्यांना कमी. चिखलात चाक थोडं घसरून हा हिशेब जुळवून घेतं. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, मग ताण गिअरवर येतो. गाडी वळणावर अडखळते, टायर कण्हतात. म्हणजे ज्या कोथरूड–हिंजवडी रस्त्यावर मेहुणा रोज जाणार, तिथे त्याची फोर बाय फोर ही टू व्हील ड्राइव्हच असणार, तीही मागून ढकलणारी. लो-रेंज गिअर, म्हणजे हळू पण जास्त जोराने खेचणारा, मिळतो, खडकावर जिम्नी बकरीसारखी चढते, सगळं कबूल. पण ती वेगळी हौस झाली.

दुसरा प्रकार मारुतीच्या ग्रँड विटारा आणि टोयोटाच्या हायरायडरमधला. एरवी पुढची चाकं ओढतात. ती घसरतायत असं वाटलं की एक इलेक्ट्रॉनिक क्लच मागच्या चाकांना जोडून घेतो. ऑटो, स्पोर्ट, स्नो, लॉक असे मोड. ऑटोवर ठेवून विसरून जायचं. लो-रेंज नाही. २०१४ साली आलेली ऑल व्हील ड्राइव्ह डस्टर याच जातीची होती. ज्यांना रोजच्या गाडीतच थोडा चिखल झेपायला हवा, त्यांच्यासाठी ही खरी ऑल व्हील ड्राइव्ह. आणि रस्त्यावर पावलोपावली दिसणारी क्रेटा? तिच्यात भारतात हा पर्यायच नाही. तरी क्रेटावाले दरवर्षी कोकणात जाऊन परत येतातच की.

पाचवं: चार पैसे जास्त.

मोजू या. ग्रँड विटारा २०२२ मध्ये आली तेव्हा तिचं अल्फा व्हेरिएंट मॅन्युअल गिअरमध्ये १५.३९ लाख आणि तेच ऑल व्हील ड्राइव्हमध्ये १६.८९ लाख होतं, दोन्ही एक्स-शोरूम. फरक दीड लाख. त्या साइजचे चार चांगले टायर चाळीस हजारांच्या आसपास बसतात. म्हणजे या फरकात टायरचे तीन सेट येऊन वर पैसे उरतात.

मायलेजच्या बाबतीत मात्र विरोधकही काहीच्या काही बोलतात. "ऑल व्हील म्हणजे पेट्रोल पिते" वगैरे. कंपनीचे आकडे होते टू व्हीलला लिटरमागे २१.११ किमी आणि ऑल व्हीलला १९.३८. वर्षाला १२ हजार किमी चालवली तर फरक ५० लिटरचा, म्हणजे पाच हजार रुपये. यावरून कुणी निर्णय बदलू नये. खरी किंमत वेगळीच आहे: त्याच गाडीची स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटरवरही चालणारी, २७.९७ किमी सांगते, आणि तिच्यात ऑल व्हील मिळत नाही. शहरातल्या सिग्नलला उभं राहण्यात आयुष्य जाणाऱ्याने वर्षाचे दोनशे लिटर सोडायचे की नाही, हे ठरवावं.

शिवाय मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी. चारही टायरची झीज सारखी ठेवावी लागते. घेर वेगळा झाला की त्या क्लचवर सतत ताण येतो. माझा एक टायर खड्ड्यात बाजूने फाटला, तेव्हा नाइलाजाने चारही बदलावे लागले. आणि बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढायची नाही, पूर्ण गाडी वर घेणारा ट्रक हवा. रात्री साखरप्याच्या पुढे तो किती वाजता येतो, हा अनुभव कुणी मुद्दाम घेऊ नये. रीसेलला वेगळी किंमत मिळते का, हा प्रश्नही मला विचारतात. मला तरी मिळाली नाही.

तर मेहुण्यासाठी: चढावर काँक्रीट झालंय, बर्फात तू जाणार नाहीस, आपली शेती आधीच वाटणीत गेलीय. ईएसपी आणि सहा एअरबॅग असलेली टू व्हील ड्राइव्ह घे, जमलं तर हायब्रिड. चिखलाची हौसच असेल तर ऑल व्हीलही घे, मला चालवायला आवडेल. फक्त जीव वाचवायला म्हणून घेऊ नकोस.

हे त्याला फोनवर सांगितलं आणि सध्याच्या गाडीच्या टायरवरचे चार आकडे वाचायला लावले. पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात त्याने वाचले: ३११७. नवी गाडी यायला दोन महिने आहेत, पाऊस त्याआधी येतोय. शनिवारी आम्ही दोघं टायरवाल्याकडे जाणार आहोत.