पाच हेक्टरची सूट नेमकी कुणाला हवी आहे?

"स्वतःच्या रानात खड्डा खणायलाही शेतकऱ्याला पर्यावरणाची परवानगी लागते. विहीर, तळं, गाळ, सगळं अडलंय. पाच हेक्टरपर्यंतच्या शेतजमिनीवरची सगळी खोदकामं राज्याच्या पर्यावरण परवानगीतून वगळा!" अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतोय. वाचून मान डोलते खरी. पण तपासू.

आधी विहीर. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १५ जानेवारी २०१६ रोजी पर्यावरण मंजुरीची जुनी अधिसूचना दुरुस्त केली आणि कोणत्या खोदकामांना पर्यावरण मंजुरी लागत नाही, याची यादीच परिशिष्ट ९ मध्ये दिली. सिंचनाची आणि पिण्याच्या पाण्याची विहीर त्यात आहे. पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने काढणं, गावतळ्यातला गाळ, रोजगार हमीतले व सरकारी योजनांतले बंधारे-तळी, कुंभाराने हाताने काढलेली माती, हेही आहे. म्हणजे ज्यांची नावं पुढे केली जातायत, त्यांना सूट आधीपासूनच आहे.

"पाच हेक्टर म्हणजे किरकोळ काम." किरकोळ? २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं १.३४ हेक्टरचं होतं. आता ब्रासचा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) हिशेब मांडा. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं उतार धरून खणलं तर पावणेआठशे ब्रासच्या आसपास माती निघते आणि त्यातली बरीचशी कडेच्या भरावातच जिरते. पाच हेक्टर रान दहा फूट खरवडलं, तर ५३ हजार ब्रासच्या वर जातं. पाच ब्रासचा हायवा डंपर धरला तरी दहा हजारांहून जास्त खेपा! एवढा मुरूम कुणी बांधावर टाकत नाही. तो विकायचाच असतो.

ही पळवाट नवी नाही. हरियाणाने २०११ मध्ये पंचकुला भागातल्या वाळू-दगडाच्या खाणी साडेचार हेक्टरच्या आतले तुकडे पाडून लिलावाला काढल्या होत्या, कारण पाच हेक्टरखाली मंजुरी लागत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात ती वाट बुजवली आणि पाच हेक्टरखालच्या गौण खनिजालाही (वाळू, मुरूम, माती वगैरे) मंजुरी बंधनकारक केली. आज मागितली जाणारी सूट म्हणजे तीच वाट पुन्हा उघडणं.

"सातबारा आमचा, बाकीच्यांना काय?" इथे शेजाऱ्याची विहीर आड येते. आपल्याकडे काळ्या पाषाणावर कुजलेल्या खडकाचा थर असतो, तोच मुरूम. उथळ विहिरींचं पाणी बरंचसं याच थरात मुरतं आणि त्यातूनच पाझरतं. वरच्या अंगाचं रान पाषाणापर्यंत खरवडलं की ते पाणी आधी उघड्या खड्ड्यात उतरतं आणि खालच्याची मोटर फेब्रुवारीतच हवा ओढायला लागते. त्याने कुठे दाद मागायची? मंजुरीच्या कागदात निदान खोली आणि मोजमाप तरी लिहिलेलं असतं. (ते पाळलं जातं का, हा वेगळा संताप.)

मोजमाप नसलेल्या सवलतीचं काय होतं, तेही दिसलंय. मार्च २०२० मध्ये रस्ते, पाइपलाइन वगैरेंसाठी साधी माती काढायला मंजुरीतून सूट दिली गेली. किती माती, किती जागेतून, काहीच ठरवलेलं नव्हतं. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

मग शेतकऱ्याचा त्रास खोटा का? अजिबात नाही. फक्त पत्ता चुकतोय. स्वतःची माती या गटातून त्या गटात नेताना ट्रॅक्टर अडतो तो महसूल खात्याकडून. भांडण स्वामित्वधन (म्हणजे रॉयल्टी), वाहतूक पास आणि दंडाचं असतं. माती कशासाठी वापरली याला महत्त्व आहे, हे पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांनी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मांडलं आणि पाया खणून त्याच जागेवर वापरलेल्या मातीच्या स्वामित्वधनाचा वाद जिंकला. बिल्डरला मिळालेलं हे तत्त्व शेतातल्या शेतात माती हलवणाऱ्यालाही स्पष्ट शब्दांत, लेखी आदेशाने लावा आणि तो आदेश तलाठ्यापर्यंत पोचवा, अशी मागणी करा. सही करायला मी पहिला येतो.