रविवारचं मटण आणि सेंद्रिय बाटली

बेळगावात पाहुणा मोकळ्या हातानं येत नाही. कुंदा आणतो, गोकाकचं करदंट आणतो, खानापूरकडचा असेल तर काजू आणतो. यातलं काहीच घरच्यांना कामाला लावत नाही; डबा उघडायचा आणि खायचं. हल्ली मात्र पुण्या-बेंगळुरात नोकरी करणारी भाचेमंडळी रविवारच्या मटणाला येताना सेंद्रिय लाल वाइन घेऊन येतात. वर बजावतात, ‘मामा, साधी नाही ही. छोट्या वायनरीची आहे, एकच बॅरल काढतात.’ नेहमीचं लाकडी बॅरल २२५ लिटरचं. त्यातून ७५० मिलीच्या ३०० बाटल्या निघतात. त्या तीनशेतली एक आता आपल्या ओट्यावर, मटण शिजत असलेल्या शेगडीपासून वीतभरावर उभी असते आणि तिचं काय करायचं हे घरात कुणाला ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे, खरं मला कुणी विचारत नाही. म्हणून लिहून ठेवतो.

आधी ती शेगडीजवळून हलवा. फ्रिजच्या डोक्यावर नको, तिथं ऊब आणि थरथर दोन्ही असतात. शोकेसमध्ये, लग्नाच्या फोटोशेजारी तर नकोच; दुपारचं ऊन नेमकं तिथंच येतं. तीस अंशांच्या घरात काही आठवडे काढले की वाइन फुगून बूच वर सरकतं, मानेपाशी चिकट ओघळ येतो आणि ताज्या फळाच्या जागी शिजवलेल्या फळाचा वास लागतो. सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवणारं गंधकाचं रसायन, कमी असलेल्या बाटलीचं हे आणखी लवकर होतं. तळमजल्याच्या अंधाऱ्या खोलीत, तांदळाच्या पोत्यामागे, आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. उघडायच्या आदल्या दिवशी उभी करा. छोटे वाइनवाले बऱ्याचदा गाळत नाहीत, तो गाळ तळाला बसायला एक दिवस लागतो.

बाटली कुठल्या वाटेनं आली तेही विचारून घ्या. लेबलावर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असेल आणि भाचा चोर्ला घाटातून आला असेल, तर कर्नाटकात शिरताना कणकुंबीच्या नाक्यावर वाइन सेंद्रिय आहे का हे कुणी विचारत नाही. परवाना विचारतात.

अथणीकडचे द्राक्षबागवाले पाहुणे पंगतीला असतील तर ‘सेंद्रिय’ हा शब्द हळू उच्चारावा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, मधे अवकाळी आला की डावणी आणि भुरी हे बुरशीचे रोग, या सगळ्यातून गेलेला माणूस ‘औषध न मारता द्राक्ष’ हे ऐकून घेत नाही. ‘कुठल्या देवाला नवस बोललाय म्हणे त्यानं?’ असं विचारतो, आणि बरोबर विचारतो. सेंद्रिय बागेतही फवारणी होते. गंधक चालतं, मोरचूद-चुना चालतो. १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना हे एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण अथणीत जसं, तसंच फ्रान्सात. त्याचा जन्मही मजेचा आहे. फ्रान्सातल्या मेदॉक भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींना हे निळं मिश्रण फासत, वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. त्या वेलींना डावणी होत नाही हे मिलार्दे या प्राध्यापकांच्या ध्यानात आलं आणि १८८५मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. म्हणजे सेंद्रिय द्राक्षशेतीचं मुख्य औषध हे मुळात चोरांसाठी होतं. युरोपात आता मोरचुदातलं तांबं सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, एवढीच मुभा आहे, आणि प्रमाणपत्र मिळण्याआधी बागेला तीन वर्षं नियमानं काढावी लागतात.

बाटलीवर ‘बायोडायनॅमिक’ असेल तर मात्र अथणीकर खूश होतो. रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली सांगितलेल्या या पद्धतीत गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात, वसंतात काढून पाण्यात ढवळून शेतात शिंपडतात. दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन घालून जीवामृत ढवळणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही. त्याची शंका एकच: ‘शिंगात मावतंय किती?’

मग सल्फाइट. ‘ह्यात सल्फाइट कमी आहे, डोकं दुखत नाही,’ असं सांगताना भाच्याच्या दुसऱ्या हातात बेदाण्याची मूठ असते. पिवळा बेदाणा पिवळा राहतो तो गंधकाच्या धुरीमुळे, आणि त्यात सल्फाइट किलोमागे वाइनच्या कितीतरी पट असतं. युरोपात कोरड्या लाल वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, सेंद्रिय असेल तर १००. अमेरिकेत ‘ऑरगॅनिक वाइन’ म्हणायचं तर वरून सल्फाइट घालताच येत नाही. पण यीस्ट आंबवताना स्वतःच थोडं तयार करतं, म्हणून अगदी शून्य कुठलीच बाटली नसते. डोकं दुखतं ते बहुतेक वेळा तिसऱ्या ग्लासानं.

आता खरी झटापट. ‘लाल वाइन रूम टेंपरेचरला प्यायची’ हे वाक्य बेळगावात फार नुकसान करतं. ते खोल्या थंड असणाऱ्या युरोपातल्या घरांचं वाक्य आहे. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी खोली तीस अंशांवर असते आणि त्या तापमानाला वाइनमधलं अल्कोहोल नाकात शिरतं, फळ मागे पडतं. हलकी लाल वाइन १२ ते १४ अंशांवर हवी, जड असेल तर १६ ते १८. फ्रिजमध्ये दीड तास ठेवा. वेळ नसेल तर बादलीत बर्फ, बर्फ बुडेल एवढं पाणी आणि मूठभर जाडं मीठ. दहा-बारा मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवू नका, खड्यांच्या मधे हवा राहते आणि बाटली गार व्हायला वेळ लागतो. फ्रीजरमध्ये ठेवून क्रिकेट बघायला बसलात तर बूच बाहेर आलेलं बघायला उठावं लागेल. आणि ग्लासात बर्फ टाकणाऱ्या काकांना आधीच दुसऱ्या कामाला लावा.

उघडणं. वायनरी छोटी असली की वळणाचं झाकण क्वचित मिळतं, बूच असतं, आणि कधी त्यावर लाखेचा जाड थर. घरात बूचकाढणं नसतं. मग कुणीतरी सुताराचा स्क्रू आणि पक्कड आणतो, कुणी मोबाइलवर पाहिलेली, बाटली बुटात घालून भिंतीवर आपटायची युक्ती सुचवतो. ती करू नका. दिवसभर उभी ठेवून बसवलेला गाळ दोन आपटण्यांत वर येतो, आणि भिंत नुकतीच रंगवलेली असते. दोन पायऱ्यांचा टेकू असलेलं, वेटर लोक खिशात ठेवतात तसलं साधं बूचकाढणं घ्या. त्याच्या स्क्रूची तार पोकळ वेटोळ्याची असावी. भरीव दांड्याचा स्क्रू बुचात गिरमिटासारखं भोक पाडतो आणि नुसता भुसा वर आणतो. लाख टोकरत बसू नका, तुकडे आत जातात. स्क्रू लाखेतूनच सरळ घुसवा, बूच अर्धं वर आलं की थांबून मान ओल्या फडक्यानं पुसा, मग उरलेलं काढा. स्क्रूचं एक वेटोळं बाहेर राहील एवढाच आत घाला. आरपार गेला की बुचाचे कण वाइनवर तरंगतात. तसं झालंच तर चहाची गाळणी आहे, फक्त तिला कालच्या आल्याचा वास नको.

तळाशी काचेचे चुरे दिसले म्हणून घाबरून ओतून देऊ नका. ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे खडे आहेत, निरुपद्रवी.

आता नाक. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब, बाटली गेली. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास म्हणजे आंबण्याचं गणित चुकलं. गोठ्याचा थोडा वास ब्रेट नावाच्या यीस्टचा असतो; तो कमी असेल तर जाणकार कौतुक करतात, आपल्याकडे लोक मागच्या दारी कुणी म्हैस सोडलीय का बघून येतात. गिळल्यानंतर मागून उंदराची दुर्गंधी येत असेल तर उपाय नाही. लाळेनं आम्लता उतरली की तो वास उघडा पडतो. जिभेवर किंचित चुरचुरलं तर राहिलेला वायू आहे. काचेच्या जगमध्ये ओतून जरा हलवा, जातो. सडक्या अंड्याचा वास मात्र घरच्या घरी बरा होतो. स्वच्छ घासलेली तांब्याची पळी ग्लासात दहा-पंधरा सेकंद ढवळा, तांबं तो गंधकाचा वायू धरून ठेवतं. पळी देवघरातली घेऊ नका. वास जाईल, पण त्या घरात तुम्हालाही राहता येणार नाही.

आणि पेला स्टीलचा नको. काचेचा, वर निमुळता, एक तृतीयांश भरलेला. सहा जणांत बाटली वाटली तर प्रत्येकी १२५ मिली येते, म्हणजे ‘मला अगदी थेंबभर’ म्हणणाऱ्या मावशींचंही भागतं.

एवढं करून बाटली टेबलावर आली की समोर येतो तांबडा रस्सा, आणि सगळं मातीत. दोष रश्शाचा नाही, वाइनचाही नाही. लाल वाइनमध्ये साली-बियांचं टॅनिन असतं, ते तोंड आवळतं. मिरचीनं भाजलेल्या तोंडाला ते जास्तच तुरट लागतं. त्यात अल्कोहोल जिभेच्या त्याच मज्जातंतूंना चेतवतं ज्यांना मिरची चेतवते. साडेचौदा टक्के अल्कोहोलची शिराझ द्राक्षाची लाल वाइन आणि संकेश्वरी मिरचीचा कट एका घासात आले की पाहुणा काही बोलत नाही, तांब्याकडे हात करतो. रश्शाबरोबर ताक प्या. त्याला पर्याय अजून कुठल्या वायनरीनं काढलेला नाही.

वाइनचं जमतं ते सुक्क्याशी. भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, चांगला परतलेला कांदा, मटणाची चरबी आणि ठीक मीठ. चरबी आणि मीठ मिळून टॅनिनची धार घालवतात. तिखट निम्मं करायची गरज नाही, मिरची बदला: संकेश्वरीच्या जागी ब्याडगी. रंग तोच, आग कमी, आणि सासूबाईंना फिकं दिसत नाही. याच्याबरोबर सांजिओवेझे किंवा टेंप्रानिलो या द्राक्षांची वाइन, तेरा टक्क्यांच्या आसपासची, लाकडाचा वास फार नसलेली. खिम्याला बार्बेरा बरी, तिचा आंबटपणा तूप कापतो.

माझं मत विचाराल तर सर्वांत चांगली जोडी मटणाची नाहीच. ती भरल्या वांग्यांची आहे. शेंगदाणे, तीळ, कारळे, जरा गूळ, वर तेलाचा तवंग आणि ज्वारीची भाकरी. याला ग्रेनाश द्या, १४ अंशांवर. कारळ्याचा कडसरपणा आणि ग्रेनाशचं गोडसर फळ असं जुळतं की वांगी दुसऱ्यांदा वाढावी लागतात. झुणका-भाकरीला गामे, फ्रान्सातल्या बोज्योलेत करतात तशी, अख्खे घड वायूत आंबवून काढलेली. तिच्यात टॅनिन नावापुरतं असतं, त्यामुळे लसणीशी भांडण नाही. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलातली अळंबी मिळाली तर पिनो न्वार, आणि तीही हलकीच. अळंबीच्या चवीपुढे टॅनिनवाली वाइन कडू लागते. पांढरा रस्सा लाल वाइनला सांभाळून घेतो, पण त्याला पांढरी वाइनच द्यावी. खर्ड्याला काहीही देऊ नये.

कारवारचा बांगडा आणि लाल वाइन एकत्र आणू नका. वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी मिळालं की तोंडात खिळा चोखल्याची चव येते. सुक्क्यावर लिंबू पिळणाऱ्यांनीही हात आवरावा, वाइन सपक होते.

कुंदा बाटली संपल्याशिवाय उघडायचा नाही. गोडानंतर कोरडी वाइन कडू-आंबट लागते आणि मग ‘तीन हजाराची काय आणलास गा, खराब झालीय ही,’ असा निकाल लागतो. करदंटाचंही तेच.

उरलीच तर छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकण लावून फ्रिजमध्ये. साधी लाल वाइन तीन-चार दिवस टिकते, सल्फाइट न घातलेली दीड-दोन. दुसऱ्या दिवशी अर्धा किलो खिम्यात १०० मिली घालून आटवली की झकास लागते, जास्त घातली तर खिमा आंबट. अडचण एवढीच की रविवारनंतर सोमवार येतो, त्या दिवशी मटण नाही. मंगळवारी नाही. बुधवारी खिमा आणेपर्यंत ती आंबटाकडे झुकलेली असते, तेव्हा कांदा पातळ चिरून त्यात तासभर भिजत घाला आणि वर मीठ-मिरी.