"लोकल कॅशे म्हणजे खेळणं, प्रॉडक्शनला रेडिसच" हे पटत नाही

सध्या एक सल्ला जिकडेतिकडे फिरतोय: लोकल कॅशे (अ‍ॅपने स्वतःच्याच मेमरीत ठेवलेली डेटाची तात्पुरती प्रत) शिकण्यापुरता ठीक, प्रॉडक्शनमध्ये (खरे ग्राहक वापरतात तिथे) डोळे झाकून रेडिस (सगळ्या सर्व्हरना नेटवर्कवरून वापरता येणारा सामायिक कॅशे) लावा, तेही मेमरीतच असतं म्हणजे तेवढंच फास्ट, डेटा कायम ताजा, आणि सर्व्हर एकापेक्षा जास्त असले की दुसरा पर्यायच नाही. नवीन पोरं हे वाचून दोन सर्व्हरच्या अ‍ॅपलाही रेडिसचा क्लस्टर (अनेक मशीनचा गट) लावून बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"तेवढंच फास्ट." मेमरीत आहे हो, पण दुसऱ्या मशीनच्या! स्वतःच्या रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात आणि त्याच डेटासेंटरमध्ये नेटवर्कवरून जाऊन यायला साधारण अर्धा मिलिसेकंद, म्हणजे हजारो पट फरक, वर आलेल्या जेसन मजकुराचं कोडला वापरता येईल असं ऑब्जेक्ट करायचा खर्च वेगळाच. एका पेजसाठी लूपमध्ये २०० की (कॅशेतल्या नोंदींची नावं) एकेक करून मागवल्या तर १०० मिलिसेकंद तिथेच गेले. एमगेट या रेडिसच्या कमांडने सगळ्या एकदम मागवता येतात हे खरं, पण तसं लिहिलेलं कोड मला फार कमी वेळा दिसलंय.

"डेटा कायम ताजा." इथे सगळ्यात जास्त फसगत होते. समजा एका रिक्वेस्टने डेटाबेसमधून जुनी किंमत वाचली, ती कॅशेत टाकायच्या आत दुसऱ्या रिक्वेस्टने किंमत बदलली आणि कॅशेतली ती की डिलीट केली, मग पहिलीने आपली जुनी किंमत आरामात कॅशेत ठेवली. आता टीटीएल (नोंद कॅशेत किती वेळ ठेवायची ती मुदत) संपेपर्यंत सगळ्याच सर्व्हरना चुकीची किंमत दिसणार, आणि सगळीकडे सारखीच चूक असल्यामुळे लवकर कोणाच्या लक्षातही येत नाही. फेसबुकने मेमकॅशडीवर (रेडिससारखाच सामायिक कॅशे) २०१३ साली जो पेपर लिहिला त्यात लीज नावाचा उपाय आहे तो याच भानगडीसाठी (आणि एकाच कीवर सगळे तुटून पडतात त्यासाठी). डिस्ट्रिब्यूटेड (म्हणजे असा सामायिक) कॅशे आपोआप ताजा राहत असता तर त्यांना ही खटपट करावीच लागली नसती.

"जास्त सर्व्हर म्हणजे रेडिसच." सर्व्हर किती आहेत यापेक्षा तो डेटा किती वेळ जुना चालेल हे आधी विचारा. आधीच्या एका कंपनीत आम्ही पिनकोडवरून शहर-जिल्हा शोधायची यादी रेडिसमध्ये ठेवली होती, देशभरातले साधारण १९ हजार पिनकोड, काही एमबीत बसणारी, क्वचितच बदलणारी यादी! एके दिवशी रेडिस बंद पडलं आणि पत्त्याचा फॉर्म अडकला म्हणून ऑर्डरीच थांबल्या. ती यादी प्रत्येक सर्व्हरच्या मेमरीत असती तर ग्राहकांना कळलंही नसतं. जावात लोकल कॅशेसाठी कॅफीन नावाची लायब्ररी आहे, कमाल साइझ आणि एक्स्पायरी दिली की झालं.

लॉगिन सेशन, ओटीपीचे किती प्रयत्न झाले, रेट लिमिट (ठराविक वेळात किती रिक्वेस्ट चालतील ती मर्यादा), हे मात्र सगळ्या सर्व्हरना एकच दिसायला हवं, तिथे रेडिसच लावा, वाद नाही. डिप्लॉयनंतर (नवं कोड सर्व्हरवर चढवल्यावर) २० सर्व्हरचे लोकल कॅशे एकदम रिकामे होऊन डेटाबेसवर लोड येतो हाही मुद्दा बरोबर, पण त्यासाठी दोन्ही थर ठेवता येतात, आधी लोकल बघा, नसेल तर रेडिस, मग डेटाबेस. आणि २०२० मध्ये आलेल्या रेडिस ६ मध्ये तर क्लायंट-साइड कॅशिंगच दिलंय: अ‍ॅपने व्हॅल्यू आपल्या मेमरीत ठेवायची, ती की बदलल्यावर रेडिस स्वतः कळवतं. म्हणजे लोकल कॅशेची गरज खुद्द रेडिस बनवणाऱ्यांनीच मानलीय.